तळहातावरचा सॉस

नवऱ्याच्या नोकरीपाठोपाठ मी २००५च्या सुमारास नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला आले आणि घरी बसून कंटाळले. शेवटी एका इटालियन रेस्टॉरंटच्या किचनमध्ये महिनाभराच्या बोलीवर लागले. काम जमलं तरच पुढे ठेवणार होते.

तिथले शेफ मोठे नावाजलेले. डच लोकांना खरं इटालियन जेवण खायला शिकवायचं, हा त्यांनी वसाच घेतला होता. खऱ्या कार्बोनारात अंडं आणि चीज, क्रीमचा थेंबही नाही; क्रीम घातलेल्या पास्त्याला कुणी कार्बोनारा म्हटलं की त्यांचा पारा चढायचा. थेट टेबलापाशी जाऊन गिऱ्हाइकाला सुनवायचे. मला ते फार आवडायचं. साबुदाण्याच्या खिचडीत कांदा दिसला की माझंही असंच होतं.

माझी पंचाईत वेगळीच होती. दुसऱ्याला वाढायच्या आधी आपण चाखायचं नाही, हे माझ्या अंगात इतकं मुरलेलं की मीठ मी नेहमी अंदाजाने घालायचे. पुण्यात कधी चुकले नव्हते. इथे पास्ता उकळलेलं खारट पाणीच सॉसमध्ये घालतात, हे विसरून मी नेहमीइतकं मीठ घातलं आणि चार प्लेटी परत आल्या.

शेफनी सॉस चाखला. "तू चाखला होतास?"

"नाही."

"उद्या माझ्यासमोर चाखायचा. जमणार नसेल तर येऊ नकोस."

ते काम मला हवं होतं. घरी नवरा म्हणाला, "अगं, रेस्टॉरंट आहे ते, नैवेद्य थोडाच आहे! क्लीन स्पून घे, टेस्ट कर, संपलं."

मन तयार होईना. मग आठवलं, आमटीची शंका आली की आई पळीतून दोन थेंब वरूनच तळहातावर घ्यायची. तेवढ्याने उष्टं होत नाही, म्हणायची.

दुसऱ्या दिवशी शेफ हाताची घडी घालून समोर उभे राहिले. मी दोन थेंब तळहातावर सोडून चाखले, हात धुतले आणि चिमूटभर मीठ घातलं. त्यांनीही चाखलं.

"बरोबर. पण हे काय केलंस?"

मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत उष्टं म्हणजे काय ते सांगितलं, आईचंही सांगितलं. ते हसले नाहीत. नोकरी पक्की झाली.

त्या हिवाळ्यात जवळच्या नायमेखन शहरात लोकांसमोर त्यांचं स्वयंपाकाचं प्रात्यक्षिक होतं. मदतीला मी होते. सॉस होत आल्यावर शेफनी दोन थेंब सहज तळहातावर घेऊन चाखले. पुढच्या रांगेतल्या एक बाई खूश होऊन म्हणाल्या, "किती इटालियन!" आणि वहीत लिहू लागल्या.

शेफचा पारा चढलाच. पळी माझ्याकडे रोखून म्हणाले, "इटालियन नाही, मॅडम. हे हिच्या आईचं आहे. तसं लिहा."

बाईंनी मुकाट्याने खोडून तसं लिहिलं. मी भांडी पुसत राहिले, पण त्या देशात तोवर मी इतकी खूश कधीच झाले नव्हते.