मागची सीट आणि जनरेटर

ऑस्ट्रेलियात डार्विनला मुलाकडे मी तीन महिन्यांसाठी आले आणि करोनाने विमानं बंद केली. मुलगा गॅसच्या कंपनीत, सून हॉस्पिटलात, आणि मी घरात. कुठे जायचं तर गाडी लागते. ती मला येत नाही, आणि मला घेऊन चल म्हणायला तोंड उघडत नाही. डार्विन जेवढं पाहिलं ते कचऱ्याचा डबा रस्त्यापर्यंत ढकलताना.

मुलाला मोटरसायकलचं वेड. रस्त्यावर नाही, ट्रॅकवर. पैसे भरायचे, गोल गोल फिरायचं आणि निघालो तिथेच परत यायचं. शर्यतसुद्धा नाही. त्यासाठी हा पोट सुटलेला बाप्या या उकाड्यात गळ्यापासून घोट्यापर्यंत चामडं घालतो. वर टायरना विजेवर तापणाऱ्या रजया. मी म्हणाले, इथे पापड घालून वळेपर्यंत वाळतो, तुझ्या टायरला कसली थंडी वाजते? त्याने सांगितलं, रबर आतपर्यंत तापलं नाही तर पहिल्याच वळणावर चाक सरकतं. मग मी हसायची थांबले. स्वतःच्या रजईची घडी त्याने जन्मात घातली नाही, ती गोष्ट वेगळी.

ट्रॅक पुन्हा सुरू झाले. तिथे मोटरसायकली लावतात त्या जागी वीज नसते, म्हणून जनरेटर घ्यायचं ठरलं. तेव्हा त्याने मला विचारलं, "आई, ट्रॅकवर येतेस का?"

मी म्हणाले, "नको रे, तुम्ही जा."

आमच्यात पहिलं नको हे नको नसतंच. समोरच्याने चल गं म्हणायचं, आपण पुन्हा नको म्हणायचं, मग बरं, एवढं म्हणतोस तर, म्हणून चांगली साडी काढायची. हा म्हणाला "नो वरीज" आणि फोनवर मोठे जनरेटर बघायला लागला. मी येणार नाही म्हटल्यावर गाडीची मागची सीट पाडता येणार होती, आणि सीट पाडली की मोठा मावत होता. मी रागाने आमटी अळणी केली. दोघं फोनकडे बघत जेवले, कुणाला कळलंही नाही.

दुकानात जमिनीवर चिकटवलेल्या खुणांवर आम्ही तिघंही अंतर ठेवून उभे राहिलो. दुकानदाराने दोन जनरेटर दाखवले. मोठ्यावर टायरच्या रजया, किटली, पंखा सगळं एकदम चालणार होतं. सुरू केला तर पिठाची गिरणी. लहान होता बॅगेएवढा, आवाज बेताचा, पण रजया लावल्या की किटली लावायची नाही. सुनेला मोठा हवा होता. रात्रपाळ्या करणाऱ्या बाईला गरम चहा हवा, तिचं काही चुकत नव्हतं. मुलगा म्हणाला, मोठाच घेऊ. दुकानदार ट्रॉली आणायला वळला.

मास्कचं एक बरं असतं, आपलं तोंड थरथरलं तरी कुणाला दिसत नाही. मी म्हणाले, "लहान घे. मला यायचंय."

"अगं, तूच नको म्हणालीस ना?"

"एकदाच म्हणाले. तू परत विचारलंस कुठे?"

सून हसली, डोळ्यांवरून कळलं. नवऱ्याला म्हणाली, "पार गोरा झालास रे तू." चहाचा थर्मास मी भरून घेईन, असं मी तिला सांगितलं, तेव्हा तीही लहानावर आली.

ट्रॅकच्या दिवशी मागच्या सीटवर मी, माझ्या पायाशी जनरेटर, मांडीवर थर्मास आणि डब्यांची पिशवी. वाटेत नुसतं गवत आणि वारुळं, तरी मी एकदाही डोळे मिटले नाहीत.

पोहोचल्यावर मुलाने टायरना रजया गुंडाळल्या, जनरेटर सुरू केला. मी जाऊन कठड्याशी उभी राहिले. थोड्या वेळाने मोटरसायकली सुटल्या. मुलाचं हेल्मेट लाल. लाल हेल्मेट समोरून गेलं की मी हात हलवायचे, आधी जरासा, मग चांगला खांद्यापासून.

सून थर्मासच्या झाकणात चहा घेऊन आली. म्हणाली, "आई, त्याची बारी अजून यायचीय."

मागे पाहिलं तर मुलगा गुडघ्यांवर बसून टायर चाचपत होता. तेवढ्यात लाल हेल्मेटवाला पुन्हा आला. आता हात खाली घेणं बरं दिसलं नसतं. मी हलवला. त्यानेही जाता जाता हात वर केला.