पिशवीत जपलेला बिल्ला

आमच्या कर्वेनगरातल्या मालनबाई वस्तू जपून ठेवण्यात पटाईत. इतक्या, की जपलेली वस्तू वेळेला कामाला म्हणून येत नाही. हरणी ही त्यांची एकुलती एक गाय. सरकारी डॉक्टरांनी तिच्या कानात नंबरचा पिवळा बिल्ला मारला, तर बाईंनी दुसऱ्याच दिवशी पक्कड लावून तो काढला आणि रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवला. हरवला तर सरकारला काय तोंड दाखवायचं, ही काळजी!

हरणी रोज सकाळी एकटीच सोसायट्यांच्या फाटकांवर पोळ्या खात हिंडायची. मागच्या महिन्यात महापालिकेच्या लोकांनी तिला गाडीत घालून कोंडवाड्यात नेलं. बाई पिशवी घेऊन धावल्या, सोबत मीही गेलो.

"नंबर तुमच्याच नावावर आहे," तिथले साहेब म्हणाले, "पण तो ह्याच गाईचा कशावरून? बिल्ला कानात असतो बाई, पिशवीत नाही. परवापर्यंत पुरावा आणा. नाहीतर ती लांबच्या गोशाळेत जाईल, मग परत मिळायची नाही."

बाई तिथेच बसून रडल्या. नवरा गेल्यापासून घरात बोलायला तेवढी हरणीच होती. मला फार वाईट वाटलं, आणि मी नुसताच उभा राहिलो. मग बाईंनी डोळे पुसले आणि परत येऊन थेट सुदर्शनरावांची बेल वाजवली.

हे आमच्या सोसायटीचे सचिव. हरणीला उचलायला लावणारे हेच. सात वर्षं फाटकातल्या शेणाचे, गाईसकट फोटो काढून तारीखवार तक्रारी करत होते. त्या दिवशी स्वारी खुशीत होती. मला चहा विचारला, यावरून काय ते समजा.

"सायेब, माज्या गाईवर लिवलेले कागद द्या," बाई म्हणाल्या.

"कशाला?"

"त्यात माजं नाव हाय, गाईचा फोटू हाय. लिवलंय ते खरं हाय का खोटं?"

सुदर्शनराव पेचात पडले. खरं म्हणावं तर गाय परत येणार, खोटं म्हणावं तर सात वर्षांची मेहनत पाण्यात.

"मी खोटं लिहीत नसतो," म्हणत त्यांनी चपला चढवल्या.

कोंडवाड्यात साहेबांनी सुदर्शनरावांची तक्रारींची फाईल उघडली. 'सदर गाय श्रीमती मालनबाई यांच्या मालकीची असून, कपाळावर पांढरा ठिपका, डावे शिंग मोडके...' अशा सत्तेचाळीस तक्रारी. आणि बिल्ला कानात होता त्या एकाच सकाळचाही फोटो त्यात निघाला, नंबर स्वच्छ दिसणारा!

"एवढा पुरावा माझ्याकडे माझा स्वतःचा नाही," साहेब म्हणाले. सुदर्शनरावांनी साक्षीदार म्हणून सही केली. अक्षर जरा रागीट आलं.

हरणी नवा बिल्ला घालून घरी आली. आता बाई तिला दाव्याला धरून फिरवतात. दुसऱ्या दिवशी फाटकात पुन्हा शेण पडलं आणि सुदर्शनराव मोबाइल घेऊन हजर झाले. बाईंनी हरणीचं तोंड धरून त्यांच्याकडे वळवलं.

"थांबा सायेब, कान नीट येऊ द्या."

सुदर्शनराव दोन पावलं पुढे आले आणि त्यांनी फोटो पुन्हा काढला.