घाबरणाऱ्याचं नाव

जवाहर नगरातल्या काकूंचे उपकार आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी स्वतःच्या हुशारीबद्दल काही बोललो तर कोणी ते मनावर घेणार नाही. जयपुरात मला नोकरी लागली ती काकूंमुळे आणि टिकली तीही काकूंमुळे. नात्याने त्या आमच्या कोणी नव्हेत. माझ्या ताईची आणि त्यांची ओळख मराठी बायकांच्या हळदीकुंकवातली. त्या नागपूरच्या. यजमान बँकेत मोठे अधिकारी, बदलीवर इथे आले, इथेच घर बांधलं आणि इथेच गेले. मागे राहिल्या काकू, त्यांचे दुखरे गुडघे आणि यजमानांनी जमवलेल्या जुन्या इंग्रजी सिनेमांच्या डिस्कांनी भरलेलं एक कपाट.

मी जयपुरात कसा आलो, तर नववीमुळे. नववी मला इतकी आवडली की मी तिथे दोनदा बसलो. तिसऱ्यांदा बसायला शाळेची हरकत नव्हती, वडिलांची होती. तेव्हा ताई म्हणाली, पाठवा माझ्याकडे, मोठं शहर आहे, काहीतरी लागेल. दाजी रेल्वेत होते. क्वार्टरच्या व्हरांड्यात माझी खाट पडली आणि माझ्या भवितव्यावर रोज जेवताना चर्चा सुरू झाली. दाजींच्या बदलीची कुणकुण होती. बदली झाली की क्वार्टर जाणार, आणि तोवर मला काही लागलं नाही तर मी परत गावी, मामाच्या पिठाच्या गिरणीत. मामा दळण आणणाऱ्या प्रत्येकाला माझी ओळख करून देत असे, "हा आमचा भाचा. दहावीला जाता जाता राहिला." त्या गिरणीत परत जायचं नव्हतं, एवढं एकच ध्येय मला आयुष्यात होतं. ध्येय असावं म्हणतात.

अडचण माझ्या चेहऱ्याची होती. माझा चेहरा जन्मतःच घाबरलेला. भुवया वर, डोळे मोठे आणि गळ्याची घाटी सारखी खालीवर. वर्गात कोणी शिट्टी मारली की गुरुजी चौकशी न करता थेट माझ्यापाशी येत. त्यांचा वेळ वाचे. आत माणूस घाबरलेला नसता तर एक वेळ चेहऱ्याला दोष देता आला असता, पण तसंही नव्हतं. चेहरा प्रामाणिक होता.

दाजींनी यावर उपाय काढला. "हस! कॉन्फिडन्स दाखव! दात दिसले पाहिजेत!" दाजी स्वतः कधी मुलाखतीला गेले नव्हते, वडिलांच्या जागेवर लागले होते, त्यामुळे मुलाखतींबद्दल त्यांची मतं फार ठाम होती. मी दात दाखवत सी-स्कीम भागातली दुकानं पालथी घातली. औषधांच्या दुकानात मालकाने मला पाहिलं आणि आधी गल्ला बंद केला. चष्म्याच्या दुकानात विचारलं, "भैया, किसी से भाग के आए हो क्या?" एका ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात तर मला मुलाखत संपल्यावर खिसे उलटे करून दाखवावे लागले. खिशात ताईने दिलेली सुपारी होती. ती त्यांनी परत दिली, हे कबूल करायला हवं.

अशा यशस्वी दिवसांत दिवाळी आली आणि ताईने मला फराळाचा डबा घेऊन काकूंकडे पाठवलं. दार उघडलं. मी सवयीने दाजींचं हसू लावलं. काकू एक पाऊल मागे सरकल्या.

"दात आत घे आधी," त्या म्हणाल्या. "चोर आहेस का?"

"नाही, काकू. फराळ आणलाय."

"मग हसून काहून राहिलास असा?"

मी हसू काढलं. खाली जे होतं ते दिसलं. काकूंनी चष्मा वर सरकवला, माझ्याकडे पाहिलं आणि एकदम टाळी वाजवली. "अगं बाई! हा तर आपला घाबरट! ये, ये आत. बस तिथे. चकल्या राहू दे, मी काही मरून नाही राहिले."

मला वाटलं, म्हातारी एकटी राहते, परिणाम झाला असेल. काकूंनी कपाटातून एक डिस्क काढली, लावली आणि पुढेपुढे पळवत एका जागी थांबवली. काळापांढरा सिनेमा. एका हॉटेलचा काउंटर, आणि काउंटरमागे, रंग आणि कोट सोडला तर, मी. त्याच भुवया, तीच घाटी. समोरून टोपीवाला गुंड आला, त्याने कोटाच्या खिशात नुसता हात घातला, आणि या माणसाची घाटी अशी काही वर गेली की माझीही गेली.

"पाहिलंस?" काकू म्हणाल्या. "आता हा पाहा."

दुसऱ्या सिनेमात तो औषधवाला होता. तिसऱ्यात बँकेत कॅशियर, हात वर. मग एका घोडेवाल्यांच्या सिनेमात किराणा दुकानदार, गोळीबार सुरू व्हायच्या आधीच पिंपामागे लपलेला. एकात आगगाडीतला तिकीट तपासनीस, ज्याला डब्यात मढं सापडतं. साहेबाच्या देशात त्याने जन्मभर एवढंच केलं होतं. आला, घाबरला, गेला. कधी मुलगी मिळाली नाही, कधी गाणं नाही, दोन सिनेमांत तर संवादही नाही. आणि घरी बहुधा बंगला होता. मी मनात म्हटलं, मी हेच काम फुकट करतो आहे.

"आमचे हे म्हणत," काकू म्हणाल्या, "हीरोचं पिस्तूल लाकडाचं असते. हा घाबरतो म्हणून आपण धरून चालतो की त्यात गोळी आहे."

"याचं नाव काय, काकू?"

काकूंचा चेहरा पडला. "तेच तर नाही माहीत रे. सुरुवातीच्या पाट्यांत हीरो आहे, हिरॉइन आहे, केस विंचरणारी बाईसुद्धा आहे. सगळ्या पाट्या थांबवून थांबवून वाचल्या मी, एका सिनेमाशी दुसरा ताडून पाहिला. याचं नाव कुठेच नाही. घाबरणाऱ्याचं नाव घालायची पद्धत नसेल त्यांच्यात. हे शेवटच्या आजारपणातही विचारत होते, सापडलं का ग? नाही सापडलं."

मग त्या एकदम माझ्याकडे वळल्या. "पण एक पाहिलंस का? हा घाबरतो, पण हसतो का कधी? नाही. चोर हसतो, घाबरलेला दिसू नये म्हणून. तू घाबरायचं ते नीट घाबर. सरळ समोर पाहून. कळलं? कोणी सांगितलं तुला ते हसायचं?"

दाजींचं नाव सांगितलं असतं तर ताईच्या संसारात काकूंची भर पडली असती. मी गप्प राहिलो, नीट घाबरून.

पुढच्या आठवड्यात काकू गुडघ्यांना शिव्या देत ऑटोत चढल्या आणि मला सांगानेरला घेऊन गेल्या. तिथे एका शेठजींचं छापील चादरी-रजयांचं दुकान होतं. नागपूरच्या निम्म्या नातेवाइकांना काकू तिथूनच रजया पाठवत, त्यामुळे दुकानात त्यांचा आवाज मालकिणीसारखा चाले.

शेठजींनी मला पाहिलं. "माताजी, ये लड़का इतना डरा हुआ क्यों है?"

"आपसे डर रहा है," काकू म्हणाल्या. "अच्छा है ना. जो नहीं डरता, वो आपका माल ले जाएगा."

मी हसलो नाही. शेठजींनी मला ठेवून घेतलं.

काम सोपं होतं. पर्यटकांची बस यायची, त्यांना आधी मागच्या शेडमध्ये छपाई दाखवायची, मग दुकानात बसवून चहा द्यायचा आणि त्यांच्यासमोर रजया उलगडायच्या. उलगडणारा मी. पहिल्याच बसमधल्या एक गोऱ्या बाई भाव करायला बसल्या. शेठजींनी किंमत सांगितली, बाईंनी निम्मी सांगितली. रजईची दोन टोकं हातात धरून मी उभा. मला वाटलं, मोडला सौदा, गेली नोकरी, आलं पीठ. माझी घाटी वर गेली. बाईंनी शेठजींकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. आणि जवळजवळ पूर्ण किंमत काढून दिली. वर माझा खांदा थोपटला.

शेठजी धंदेवाले, त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. त्या दिवसापासून कोणी भाव पाडला की शेठजी बोलायचेच नाहीत. मोठा सुस्कारा टाकून सावकाश माझ्याकडे पाहायचे, जणू म्हणताहेत, आता या पोराला मी काय सांगू? बाकीचं काम माझा चेहरा करी. "क्या एक्टिंग करता है!" शेठजी म्हणत. तो अभिनय नव्हता हे मी त्यांना सांगितलं नाही. नटाने आपलं तंत्र उघड करू नये. अशी माझी फिल्मी कारकीर्द सुरू झाली. रोज तोच प्रसंग, तीच भूमिका आणि पाटीवर नाव नाही.

आणि मग ही कारकीर्द बुडायला लागली. कारण साधं होतं. नोकरी टिकली. महिन्यामागून महिने गेले, शेठजींच्या घरचं ताक मला येऊ लागलं, शेडमधल्या कुत्र्याने मला ओळखायला सुरुवात केली, आणि माझी भीती कमी झाली. आयुष्यात पहिल्यांदा मला बरं वाटत होतं आणि नेमकं तेच धंद्याला बाधत होतं. एकदा एका उंच गोऱ्या माणसाने भाव पाडला, शेठजींनी सुस्कारा टाकून माझ्याकडे पाहिलं, आणि मला जांभई आली. माणूस उठून गेला.

"तेरा चेहरा खराब हो गया है," शेठजी फार दुःखाने म्हणाले. "शादी-वादी तो नहीं कर रहा? अगले महीने से देखता हूँ, क्या करना है."

त्याच आठवड्यात दाजींची बदली आली.

मी काकूंकडे गेलो. "काकू, भीती वाटेनाशी झाली."

काकू पोट धरून हसल्या. "लोक बाबाबुवांकडे जातात भीती जावी म्हणून. हा रडून राहिला गेली म्हणून!" मग माझा चेहरा पाहून थांबल्या. मला गिरणीत जायचं नाही, हे त्यांना एकदा सांगितलं होतं, ते त्यांच्या लक्षात होतं. त्यांनी तीच पहिली डिस्क लावली. हॉटेलचा काउंटर, टोपीवाला गुंड.

"आता तोंडाकडे पाहू नको," त्या म्हणाल्या. "तोंड पाहून झालं तुझं. हात पाहा त्याचे."

मी हात पाहिले. घाटी वरखाली होत होती, भुवया कपाळात गेल्या होत्या, पण खाली हात आपलं काम करत होते. रजिस्टर फिरवून गुंडाच्या बाजूला केलं. दौत पुढे सरकवली. मागे न बघता किल्ली आकड्यावरून काढली. गुंड वर गेल्यावर सांडलेली शाई टिपली. हातांना भीती वाटत नव्हती.

"सगळे पिक्चरभर बोलून राहिले, प्रेम करून राहिले, गोळ्या झाडून राहिले," काकू म्हणाल्या. "काम हा एकटाच करून राहिला. तुले काय वाटलं, त्या भुवयांसाठी बोलावत होते त्याला इतकी वर्षं? चल, आता चहा ठेव. माझा गुडघा पिक्चरमधला नाही."

आमच्या दुकानात एक युक्ती वापराविना पडून होती. जयपुरी रजई हलकी असते. ठरावीक तऱ्हेने दाबत गुंडाळली तर तोंडाला दोरी असलेल्या छोट्या पिशवीत मावते. पण घाई असायची, तेव्हा सगळे मोठ्या पुठ्ठ्याच्या खोक्यातच भरून देत. मी बस येईपर्यंत गुंडाळत बसू लागलो. लांबीत दोन घड्या, टोकाकडून गुडघ्याने हवा काढत, मग पिशवी वरून ओढायची, रजई आत कोंबायची नाही. पहिले काही दिवस माझी रजई सुटून बाळंतिणीच्या गादीसारखी पसरे. शेठजी पाहत आणि नवीन पोराच्या शोधात असल्यासारखं दाराकडे बघत.

एके दिवशी एक म्हातारं जोडपं आलं. रजई आवडली होती, पण बाई हातांनी दाखवत होत्या, सामान केवढं, हे एवढं मोठं कुठे ठेवू? शेठजींनी सवयीने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे काही नव्हतं. मी टोकं सोडली, खाली बसलो, गुंडाळली, दाबली, ओढली आणि उशीएवढं गाठोडं बाईंच्या मांडीवर ठेवलं. बाई हसल्या आणि नवऱ्याला काही म्हणाल्या. नवऱ्याने आणखी एक मागवली, बहुधा फक्त पुन्हा पाहायला.

"ये कब सीखा?" शेठजी.

"फिल्म देखकर."

त्याच संध्याकाळी मी विचारलं, दुकानाच्या वरच्या खोलीत राहू का, कारण क्वार्टर सुटतंय. विचारताना इतक्या दिवसांनी खरी भीती आली, भुवया, घाटी, सगळ्या लवाजम्यासह. शेठजी म्हणाले, "मेरे सामने एक्टिंग मत कर. रह ले." ताई आणि दाजी सामान घेऊन गेले. जाताना दाजी म्हणाले, बघ, कॉन्फिडन्स शेवटी कामाला आला.

नंतर काकूंचा मुलगा त्यांना नागपूरला घेऊन गेला. गुडघ्यांना आता जिना नको होता. कपाट त्यांनी सोबत नेलं. ऑटोत बसताना म्हणाल्या, "नीट घाबर रे. आणि दात आत."

मी तेव्हा सायबर कॅफेत जाऊन सिनेमातल्या त्या घाबरटाचं नाव शोधायचा प्रयत्न केला होता. नववीच्या इंग्रजीत "ओल्ड पिक्चर, डरपोक मॅन, हॉटेल" असं टाइप केलं. जे आलं ते पाहून कॅफेवाल्याने माझ्याकडे गल्ला बंद करणाऱ्या त्या औषधवाल्याच्या नजरेने पाहिलं. पण कुठेतरी कोणीतरी लिहून ठेवलंच असेल. इतकी वर्षं काउंटरमागे उभा राहिलेला माणूस असा सगळ्यांना चुकवून जात नाही. काकूंना रजई पाठवली तर त्या म्हणतील, माझ्याकडे कमी आहेत का? त्यांना द्यायचं ते मला ठाऊक आहे. एक दिवस मी ते नाव शोधून काढीन, नागपूरला जाईन, दारात उभा राहीन, हसणार नाही, आणि आधी नाव सांगेन.