एक्केचाळीस सेकंद जास्तीचे

खरं सांगते, या सदरातले अनुभव मी आजवर वाचले ते जेवताना, करमणूक म्हणून. कुणाला पाठीमागे पावलं ऐकू येतात, कुणाला विहिरीवर बाई दिसते... वाचायचं, हसायचं, पान उलटायचं. त्यात माझा धंदाच असा की चित्रावर माझा चटकन विश्वास बसत नाही. ढगाळ आभाळ निळं करायचं, भटजींची जांभई कापायची, रुसलेल्या मावशीच्या जागी हसणारी मावशी आणून बसवायची, हे मी रोज करते. डोळ्यांना फसवणं किती सोपं आहे ते मला ठाऊक आहे. तरीही हे लिहितेय. पटलं तर पटलं.

मी बोईसरला राहते. नवरा तारापूरच्या एमआयडीसीत शिफ्टला जातो, मी घरी लग्नांचे व्हिडिओ एडिट करते. अकरा वर्षं झाली. शूटिंग करतात आमचे जितूदादा, नवऱ्याचे जुने मित्र. मूळचे एडवणचे, पन्नाशीला आलेले, पण कॅमेरा खांद्यावर घेतला की माणूस वरातीत सगळ्यांच्या पुढे नाचत असतो. मागच्या थंडीत त्यांच्याच गावातलं एक लग्न होतं. मच्छीमारांचं घर. नवऱ्या मुलाची आई सुनंदाताई, मासळी विकतात. शनिवारी हळद, रविवारी लग्न. सोमवारी सकाळी जितूदादांनी कॅमेऱ्यातली दोन्ही कार्डं माझ्याकडे आणून दिली. तेव्हापासून ती माझ्या टेबलाच्या खणात होती. हे मुद्दाम सांगतेय.

आता थोडं कामाचं बोलते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. नव्या कॅमेऱ्यांच्या फाइल फार दाबून भरलेल्या असतात. माझा कॉम्प्युटर जुना. त्या तशाच एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतल्या की चित्र अडखळतं, ओठ पुढे आणि आवाज मागे. म्हणून आधी सगळ्या क्लिप कन्व्हर्ट करून घ्यायच्या. कॉम्प्युटर एकेक क्लिप उलगडतो आणि तिची नवी, मोठी फाइल बनवतो. चित्र तेच, आवाज तोच, लांबीही तीच. त्याला जे दिलं तेच तो परत देतो. पदरचं काही घालत नाही.

बुधवारी सकाळी नवरा फर्स्ट शिफ्टला गेल्यावर मी हळदीच्या क्लिप कन्व्हर्टला लावल्या. साडेदहाच्या सुमारास काम संपलं. माझी एक सवय आहे - जुन्या आणि नव्या फाइलींची लांबी मी शेजारी शेजारी ठेवून तपासते. एकदा आवाज सरकल्यामुळे मंगलाष्टकं चुकीच्या जोडप्यावर पडली होती, तेव्हापासूनची. सगळं जुळलं. फक्त त्रेसष्ट नंबरची क्लिप... मूळ एक मिनिट बारा सेकंद. कन्व्हर्ट झालेली एक मिनिट त्रेपन्न.

एक्केचाळीस सेकंद जास्त.

उघडून पाहिली. नवरदेवाचे आजोबा, म्हणजे सुनंदाताईंचे सासरे, हळदीत नाचत होते. वय ऐंशीच्या पुढे, दोन्ही हात वर, हातांना कोपरापर्यंत हळद. शेवटी कॅमेऱ्याकडे बघून हसले आणि 'जा रे तिकडं' असं हाताने सांगितलं. इथे क्लिप संपायला हवी होती. पडदा काळा झाला. मग दुसरंच चित्र आलं.

कॅमेरा जणू जमिनीवर उताणा पडला होता. चारी बाजूंनी अंधार आणि वर चौकोनी उजेड. उजेडात एक गंजलेलं लोखंडी चाक, बैलगाडीच्या चाकाएवढं. त्याच्या वर तुटलेली कौलं. त्यातून उन्हाची एक तिरीप खाली येत होती आणि तिच्यात बारीक भुसा तरंगत होता. कुणीतरी खोकलं. मग एक म्हातारा हात चित्रात वर आला, काहीतरी धरायला बघितल्यासारखा, आणि खाली गेला. आवाज आला, कोरडा, थकलेला:

"नाऱ्या, फळ्या मोजून घे रे... ओली एक पन नको."

संपलं.

मला भीती वाटली नाही, राग आला. म्हटलं जितूदादांनी कुठेतरी कॅमेरा चालू ठेवला असणार. मूळ कार्ड लावून तीच क्लिप पाहिली. एक मिनिट बारा. हात हलवतात आणि संपते. परत कन्व्हर्ट केली. एक मिनिट बारा. तिसऱ्यांदा केली. एक मिनिट बारा. ती पहिली फाइल मात्र तशीच्या तशी, त्रेपन्नवर.

जितूदादांना फोन लावला. मागे वाऱ्याचा आवाज होता, माणसं हाका मारत होती.

"दादा, हळदीनंतर कुठे लाकडाच्या वखारीत वगैरे शूटिंग केलंत का?"

"वैनी, नंतर बोलू. इथं मोठा घोळ झालाय. नवऱ्याचा आजा कालपासून गायब हाय. पहाटे उठून गेला तो गेलाच. त्याला हल्ली काय आठवत नाय ना... सगळा गाव किनाऱ्यावर हाय. बोटी पन गेल्यात बघायला."

ही फाइल मी दाखवू का नको? काय सांगणार होते मी? की माझ्या कॉम्प्युटरने तुमचे आजोबा पाठवलेत? ज्यांचं माणूस समुद्रात गेलंय अशी सगळ्यांची समजूत झालीय, त्यांना अशी आशा लावायची आणि ती खोटी ठरली तर? चूक असेन तर वेडी ठरेन, एवढंच. आणि बरोबर असून गप्प बसले तर? तो विचार सहन होईना. शेवटचे एक्केचाळीस सेकंद कापले आणि जितूदादांना पाठवून दिले. खाली लिहिलं - सुनंदाताईंना ऐकवा, आवाज ओळखतात का बघा.

पाच मिनिटांत फोन वाजला. सुनंदाताईच होत्या.

"ताई, ह्ये कवा घेतलं? हा आमच्या बाबांचा आवाज हाय."

"मला माहीत नाही हो. खरंच माहीत नाही. नाऱ्या कोण?"

"नारायण. बोट बांधणारा सुतार, बाबांचा जोडीदार. त्याला जाऊन पंधरा वर्सं झाली. ताई, त्यो हात नीट बघा. तुमच्याकडं मोठा पडदा हाय. नखं बघा."

मी चित्र थांबवून मोठं केलं. नखांच्या कडांना पिवळं होतं. हळद. शनिवारची हळद.

म्हणजे हे जुनं चित्र नव्हतं. आणि सोमवारपासून कार्डं तर माझ्या खणात होती!

"हळद आहे, ताई," मी म्हटलं.

"सफाळ्याची वखार," सुनंदाताई एकदम म्हणाल्या. "नव्या बोटीच्या फळ्या बाबा नि नारायण तिथून आणायचे. आता बंद पडलीया. आमी येडे, समुद्र धुंडाळतोय... ताई, तुमी येता का? घरचे सगळे पुरुष बोटीवर हायत."

मी स्कूटी काढली. पालघरपर्यंत कशी गेले आठवत नाही. पुढे सफाळ्याचा रस्ता, दोन्ही बाजूंनी कापलेल्या भाताची शेतं. सफाळ्याच्या अलीकडे एका फाट्यावर जितूदादांची मोटारसायकल उभी होती आणि मागे सुनंदाताई, पायात चप्पलही नव्हती. वखार रस्त्यापासून आत, डोंगराच्या बाजूला. फाटकाला साखळी. कंपाउंडची भिंत मागे पडलेली होती, तिथून आत शिरलो. सुनंदाताई सगळ्यांच्या पुढे.

"बाबाऽ! ओ बाबाऽ!"

काही नाही. कबुतरं उडाली फक्त. शेडमध्ये शिरले आणि मी जागच्या जागी थांबले, कारण ते चाक समोर होतं. लाकूड चिरायच्या मशीनचं चाक. तोच गंज, वर तीच तुटलेली कौलं. मशीनच्या खाली भुसा पडायचा खड्डा असतो, चौकोनी, दीड पुरुष खोल. आम्ही तिघांनी वाकून पाहिलं.

बाबा तळाशी बसले होते. भुशात पाय पसरून, पाठ भिंतीला टेकवून. घोटा सुजून भोपळ्यासारखा झालेला. डोळे उघडे होते. सूनबाईंकडे वर बघून म्हणाले,

"फळ्या कमी हायत गं."

सुनंदाताई तिथेच खाली बसल्या आणि रडायला लागल्या. मोठ्याने, लहान मुलासारख्या. मग रडता रडताच माझ्या हातातली पाण्याची बाटली घेतली आणि ओढणी बांधून खाली सोडली. ओढणी माझी होती, कधी सोडून दिली मला कळलंही नाही. जितूदादा धावत जवळच्या पाड्यावर गेले. तिथून एक जण बांबूची शिडी घेऊन आले, बरोबर त्यांची बायको आणि भाऊ. त्या माणसाने स्वतः खाली उतरून बाबांना पाठीवर घेतलं. वर आल्यावर म्हणाले, "आमी रोज इथनं लाकडं घेऊन जातो. काल संध्याकाळी पन गेलो. कायच आवाज नाय आला. आजची रात कशी काढली असती यांनी, देव जाने."

बाबांना बाहेर काढल्यावर मी एक गोष्ट केली. शिडी तिथेच होती, मी खाली उतरले आणि बाबा बसले होते त्या जागी भुशात पाठ टेकून वर पाहिलं. तंतोतंत तेच चित्र. चौकोन, चाक, कौलं. ते एक्केचाळीस सेकंद दुसऱ्या कुठल्याही जागेवरून घेता आले नसते. आणि त्या खड्ड्यात कॅमेरा नव्हता. मोबाइलही नव्हता. बाबा मोबाइल वापरतच नसत.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अंगातलं पाणी खूप कमी झालंय, अजून एक रात्र निघाली नसती. घोट्याचं हाड मोडलं होतं, बाकी ठीक. नंतर एका टेम्पोवाल्याकडून कळलं की मंगळवारी पहाटे त्यानेच बाबांना सफाळ्यापर्यंत सोडलं होतं. 'फळ्या आणायच्यात' म्हणाले, म्हणून त्याला काही वावगं वाटलं नाही. तेवढं कोडं सुटलं. तेवढंच.

संध्याकाळी बाबा जरा तरतरीत झाले तेव्हा मी विचारलं, "बाबा, एकटे होतात, घाबरला नाहीत?"

"एकटा कुठं?" ते म्हणाले. "नाऱ्या होता ना. मी त्याला म्हनलं, घरी कळव."

जितूदादा माझ्याकडे बघायला लागले. मी खिडकीकडे बघायला लागले. आजारी माणसाचं बोलणं, असं आम्ही दोघांनीही एकमेकांना नंतर सांगितलं. सुनंदाताई मात्र शांतपणे उठल्या, पिशवीतून डबा काढला आणि माझ्यासमोर ठेवला. "सकाळपासून काय खाल्लं नाय तुमी. जेवा आधी." भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. अशी चव मी आयुष्यात घेतली नव्हती.

ती फाइल मी नंतर बऱ्याच जणांना दाखवली. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्यांनी हार्ड डिस्क तपासली. म्हणाले, कधीकधी जुन्या पुसलेल्या व्हिडिओचे तुकडे मिसळतात. म्हटलं ठीक, पण मी त्या वखारीत कधी गेलेच नव्हते, मग तिचा जुना व्हिडिओ माझ्याकडे येईल कुठून? आणि नखांवरची हळद? एका ओळखीच्या इंजिनीअरने फाइलची सगळी माहिती उघडून पाहिली. तयार झाल्याची वेळ बुधवारी सकाळची, कन्व्हर्ट चालू होतं तेव्हाचीच. तो म्हणाला, फाइलमध्ये काही दोष नाही. फक्त ती असायला नको होती.

लग्नाचा व्हिडिओ महिनाभराने दिला. तेव्हा मी सुनंदाताईंना विचारलं होतं, तो तुकडा तुम्हाला हवाय का? त्या म्हणाल्या, "नको. तुमच्याकडंच असू दे. आमाला बाबा मिळाले." सगळ्या घराने मिळून टीव्हीवर लग्न पाहिलं. बाबा पाय पुढे ठेवून खुर्चीत बसले होते. हळदीत नाचणारा म्हातारा दिसला तसे म्हणाले, "कोन रे ह्यो? चांगला नाचतोय!" घर हसून हसून लोळलं. त्यात मीही.

कसं झालं, कोणी केलं, माझ्याच कॉम्प्युटरवर का, हे मला आजही सांगता येत नाही. मी भुताखेतांवर विश्वास ठेवायला लागले का? तेही नाही सांगता येत. पण या सदरातले अनुभव आता मी हसत नाही वाचत. आणि ज्याने कुणी ते एक्केचाळीस सेकंद माझ्यापर्यंत पोचवले, त्याला मी मनापासून नमस्कार करते. सवयीने नाही.

बाबा त्यानंतर आठ महिने होते. गणपती होऊन गेल्यावर एका दुपारी सुनंदाताईंचा फोन आला. रडत नव्हत्या.

"ताई, बाबा गेले. घरात, आपल्या खाटेवर. मी पाणी पाजलं, पोरानं हात धरला होता. तुमाला पयलं सांगावं वाटलं."