घोगरा हॉर्न

दगडखाणीतल्या लोडरची निगा राखणारा मिस्त्री आणि त्याच लोडरचा ड्रायव्हर सख्खे भाऊ होते. धाकटा सकाळी यंत्र तपासायचा, थोरला दिवसभर चालवायचा. "तू न्हाऊमाखू घाल, मी शाळेत सोडतो," असं थोरला म्हणायचा.

एका दुपारी जेवणाची सुट्टी झाली तरी लोडर उभ्या जागी धडधडत राहिला. मिस्त्री खालून ओरडला, "दादा, बंद कर की! भूक नाही का आज?" शिडी चढून त्याने दार उघडलं. दादा समोरच्या काचेकडे बघत बसला होता. मिस्त्रीने वाकून आधी इंजिन बंद केलं आणि मग दादाला हात लावला. दादा गेलेला होता. आधी इंजिन, नंतर भाऊ, हे त्याने घरी कुणालाच सांगितलं नाही.

थोड्याच दिवसांत नवा ड्रायव्हर आला. मिस्त्रीचं काम तेच राहिलं. ऑइलची पट्टी ओढून बघायची, एअर फिल्टर झटकायचा, यंत्र वळतं त्या मधल्या सांध्याला लॉकचा दांडा लावून पिनांमधलं जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं भरायचं. केबिन मात्र तो बाहेरूनच पुसे. आतली सीट दादाच्या वजनाने डावीकडे दबलेली होती.

घर खाणीच्या कुंपणापलीकडेच होतं. लोडर मागे यायला लागला की वाजणारा त्याचा हॉर्न वर्षानुवर्षांच्या धुळीने घोगरा झाला होता. तो दहा यंत्रांत ओळखू यायचा. आता तो वाजला की आई दारात बसून म्हणायची, "लागला बाई कामाला." आत वहिनीच्या हातातलं भांडं सुटायचं.

एकदा वहिनी म्हणाली, "भावोजी, तुमच्या पाया पडते. तेवढा हॉर्न बदला. वेड लागेल मला."

पुढच्या सर्व्हिसिंगला त्याने हॉर्न बदलला. नव्याचा आवाज पातळ, टोकदार होता. त्या दिवशी वहिनी पोटभर जेवली. आई मात्र उंबऱ्यावरून हलेना.

"मशीन बंद आहे का रे आज?"

"चालू आहे, आई."

"मग तो कुठंय?"

वहिनी उठून आत गेली. मिस्त्रीने ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी आई कुंपणाच्या फटीतून खाणीत शिरली. लोडर भरली बकेट घेऊन मागे येत होता. नव्या ड्रायव्हरला ती आरशात दिसली आणि त्याने ब्रेक दाबला. यंत्राला असा हिसका बसला की बकेटमधले दगड घरंगळले. मिस्त्री धावत आला. ड्रायव्हर खाली उतरला. "थोडक्यात वाचल्या हो! कोण आहेत या?"

आई त्याच्याकडे बघतच राहिली. मग मिस्त्रीला म्हणाली, "हा कोण? त्याच्या जागेवर हा कसा?"

मिस्त्रीने बकेट खाली टेकवून घेतली, इंजिन बंद करवलं आणि आईला धरून शिडीवरून वर चढवलं. ती सीटवर बसली. दबलेल्या भागावरून तिने तळहात फिरवला.

"एवढ्याशा जागेत बसायचा होय रे?"

"हो."

"तूच बघितलंस ना त्याला पहिल्यांदा?"

मग त्याने सगळं सांगितलं. इंजिनाचंही सांगितलं. आई रागावेल म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला.

"अंग गरम होतं का रे त्याचं?"

"होतं, आई."

"मग बरं," ती म्हणाली आणि उतरायला हात पुढे केला. त्यानंतर ती दारात बसली नाही. दादाबद्दल बोलताना 'होता' म्हणू लागली.

मिस्त्री आजही त्याच यंत्रावर आहे. त्या दुपारी ऊन काचेतून थेट आत येत होतं, इंजिनाची धग पायाखालून चढत होती, केबिनमधलं सगळंच तापलेलं होतं. हाताला लागली ती ऊब कशाची होती, हे त्याला अजून सांगता येत नाही.