दोन कप्प्यांचं कव्हर

बाळांनो, डिसेंबरमध्ये तुम्ही दोघं पहिल्यांदाच आई-बाबांशिवाय भारतात येणार आहात, म्हणून हे आत्ता लिहिते आहे. परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही मला सांगितलंत, "धाकटे आजोबा म्हणाले, नवा पासपोर्ट ओसीआय कार्डाला जोडत बसू नका, जुना सोबत ठेवला की चालतं." ते कार्ड म्हणजे परदेशी नागरिक असूनही व्हिसाशिवाय भारतात येण्याचा तुमचा परवाना. मी विषय बदलला, कारण तोंडून काहीतरी वाईट निघालं असतं. माझ्या याच दिरांनी तुमच्या आईलाही एकदा असाच सल्ला दिला होता. तेव्हा तुम्ही लहान होतात. आई आठवडेच्या आठवडे परत आली नाही, आणि तुम्हाला सांगितलं गेलं की आजोबांना बरं नाही. ते अर्धंच खरं होतं.

त्या वर्षी तुमच्या आईनं ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व घेतलं होतं. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की आपलं भारतीय नागरिकत्व त्याच क्षणी संपतं, आणि जुना पासपोर्ट जमा करावा लागतो. तिनं तो जमा केला नव्हता. त्याची मुदत अजून चार-पाच वर्षं शिल्लक होती, आणि मुदत शिल्लक असलेली वस्तू टाकून देणं आपल्या लोकांच्या जिवावर येतं. तो तिच्या कपाटात पडून राहिला. तेवढ्यात आजोबांना बदलापुरातल्या दवाखान्यात दाखल करावं लागलं.

मी तिला सांगितलं, तातडीच्या व्हिसासाठी अर्ज कर, काही दिवसांत मिळेल. तीही तयार होती. पण भाऊजी घरी आले आणि त्यांनी उल्हासनगर कॅम्प एकमधल्या आपल्या ओळखीच्या ट्रॅव्हल एजंटला फोन लावून तो स्पीकरवर टाकला.

"आंटी, टेन्शन कायको?" एजंट म्हणाला. "इकडे उतरताना इंडियन दाखवायचा, तिकडे उतरताना त्यांचा. मेरे कितने कस्टमर आते-जाते."

"हे बेकायदा आहे," मी म्हटलं.

"वहिनी, तुम्ही फार पुस्तकी," भाऊजी हसून म्हणाले. "तिकडे बाप पडलाय आणि तुम्ही कलमं काढताय."

आपल्या बाहेरच्या खोलीत घटनेची उद्देशिका फ्रेम करून लावलेली आहे. आपल्याकडे लग्नातसुद्धा ती भेट देतात. भाऊजी तिच्याच खाली बसून बिस्कीट चहात बुडवत हे बोलत होते. दुसऱ्या कुणाच्या घरात असं बोलणं झालं असतं तर मी मनावर घेतलं नसतं. पण ज्यांच्या तीन पिढ्या कायद्याच्या आधारानं उभ्या राहिल्या, त्यांनी कायद्याला असं मोडीत काढावं याची मला किळस आली. ती अजून गेलेली नाही.

मी नाही म्हटलं, तर खाली रस्त्यावर जाऊन त्यांनी तुमच्या आईला परस्पर फोन केला. व्हिसाची वाट बघशील तर बाप दिसायचा नाही, असं सांगितलं. बापासाठी कासावीस झालेली मुलगी दुसरं काय करणार? ती जुन्या पासपोर्टवर आली. विमानतळावर तिला कुणी काही विचारलं नाही. भाऊजी पेढे घेऊन आले आणि एजंटनं तिच्यासाठी भेट पाठवली होती, पासपोर्टचं दोन कप्प्यांचं कव्हर. एकात हा, एकात तो.

आजोबा सावरले, घरी आले. तुम्ही रोज फोनवर आईला विचारत होतात, कधी येणार. ती परत निघाली त्या संध्याकाळी मी आवराआवर करत होते, तर दारात तीच उभी, बॅगांसकट. ऑस्ट्रेलियात शिरायला नवा पासपोर्ट लागत होता, म्हणून तिनं विमानतळावर तो पुढे केला होता. त्यात ना भारताचा व्हिसा, ना भारतात आल्याचा शिक्का.

"मॅडम," तिथला अधिकारी म्हणाला होता, "या पासपोर्टवर तुम्ही भारतात आलेल्याच नाहीत. मग बाहेर कशा जाणार?"

त्याचं काही चुकलं नव्हतं. तिनं दुसरा पासपोर्ट काढून दाखवल्यावर त्याला सगळं समजलं आणि तिला विमानात चढू दिलं नाही. आता जुना पासपोर्ट जमा करायचा, दंड भरायचा आणि देश सोडण्याची परवानगी मिळवायची होती. स्वतःच्या जन्माच्या देशातून बाहेर पडण्याची परवानगी.

भाऊजींनी एजंटला फोन लावला. "वो एअरपोर्टवाले का लफडा है," एवढं बोलून त्यानं ठेवला. नंतर तो फोन उचलेना. भाऊजींनाही अचानक गुडघेदुखी सुरू झाली.

मग तुमची आई रोज सकाळी फाईल घेऊन मुंबईतल्या परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयात जाऊ लागली. आज एक कागद कमी, उद्या दुसरा. आजोबा खाटेवरून विचारायचे, "कुठं गेली?" मी म्हणायचे, कामाला. एका दुपारी त्यांचा श्वास अडखळू लागला. मी तिला फोन करत राहिले. त्या कार्यालयात मोबाईल दारावरच जमा करून घेतात. ती आत रांगेत उभी होती, फोन बाहेर कप्प्यात वाजत होता. ती बाहेर आली तेव्हा आजोबा गेलेले होते. ज्या माणसाला भेटायला एवढा उपद्व्याप केला, त्याच्याजवळ ती नव्हती.

आजोबांच्या जलदान विधीच्या दिवशी, सगळे पाहुणे जेवून हात धूत असताना, भाऊजी चारचौघांत म्हणाले, "बघा वहिनी, जे होतं ते बऱ्यासाठीच. अडकली म्हणून पोरगी बापाच्या मातीला तरी हजर राहिली."

दोघातिघांनी मानाही डोलावल्या. तुमची आई ताटं उचलत होती, ती तशीच आत निघून गेली.

"भाऊजी, चहा ठेवलाय. घ्या आणि निघा," मी म्हटलं.

पुढे परवानगी मिळाली, ती तुमच्याकडे आली, रीतसर अर्ज करून तिचं ओसीआय कार्डही झालं. भाऊजी आता ही गोष्ट लग्नकार्यात विनोद म्हणून सांगतात आणि लोक हसतात. मला त्या हसण्याचाही तिटकारा आहे.

तेव्हा नवे पासपोर्ट आपापल्या कार्डाला आजच ऑनलाइन जोडा. झाल्यावर मला कळवा, मी स्वतः तपासणार आहे. उतरल्यावर कार्ड हातात ठेवा आणि जे आहात तेच सांगा, ऑस्ट्रेलियाचे नागरिक. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

नागरिकत्व संपलं म्हणून मतदार यादीतलं तुमच्या आईचं नाव मी अर्ज करून काढून घेतलं. आजोबांचंही निघालं. बदलापूर-कुळगावचं हे घर मात्र अजून आपलं आहे, आणि तुमची दोघांची कार्डं वैध आहेत.