जोडीची डिस्क

ऑफिसात सर्व्हरच्या खोलीत मी आठवड्यातून एकदा फरशी पुसायला जाते, तिथं आज सगळ्या हिरव्या दिव्यांत एक पिवळा दिसला, म्हणून मी घाबरून कॉम्प्युटरवाल्या सरांना बोलावलं, म्हटलं माझा हात नाही लागला हो.

सर हसले. "ताई, सर्व्हर ज्या डिस्कवरून सुरू होतो ती गेलीय. पण हिच्यावर लिहिलेलं सगळं जोडीच्या डिस्कवरही असतं, म्हणून कुणाचं काम अडलं नाही."

"कधी गेली?"

"कुणास ठाऊक. चार-पाच दिवस झाले असतील."

काम अडलं नाही हे बरंच झालं, पण चार दिवस कुणाला कळलंसुद्धा नाही? त्यांनी ती ओढून काढली, नवी बसवली.

सोमवारी माझं पोटातल्या गाठीचं ऑपरेशन आहे. पोरगी दीड वर्षाची. काही बरंवाईट झालं तर म्हणून महिनाभर जाऊबाईंना सगळं सांगतेय, दूध किती कोमट लागतं, कानाची पाळी चोळली की झोपते. त्या म्हणतात, "अगं, माझे दोन घोडे काय आपोआप वाढले?" तरी मी पुन्हा सांगते.

आज घरी आले तर पोरगी त्यांच्या खांद्यावर गाढ झोपलेली. "बघ, दिवसभर तुझं नावसुद्धा काढलं नाही," त्या खुशीत म्हणाल्या.

हेच तर पाहिजे होतं मला. तरी त्या तिला घेऊन आत वळल्या तसा मी तिच्या तळपायाला हळूच चिमटा काढला, आणि ती रडत उठून माझ्याकडे झेपावली, तेव्हा कुठं मला श्वास घेता आला.